बारदान्याचा नफा

विदर्भात वाढलेल्या माणसाला सिंध्यांबद्दल माहिती नसली तरी मत असतं. साप आणि सिंधी एकदमच समोर आले तर आधी कुणाला मारायचं, हा विनोद मी शाळेत ऐकला तेव्हा एकही सिंधी माणूस पाहिलेला नव्हता. साप मात्र भरपूर पाहिले होते. पुढे कॉलेजात त्याची शहरी आवृत्ती भेटली : 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हे विनोद सांगणारी माणसं दुष्ट असतात असं नाही. आमचे एक काका जेवणाच्या पंगतीत हटकून सांगायचे, आणि आमच्या घरातला दिवाळीचा सगळा कपडा वर्षानुवर्षं एका सिंधी दुकानातून उधारीवर यायचा. उधारी चार-चार महिने थकायची, दुकानदार तोंड उघडायचा नाही. काकांच्या विनोदात मात्र लबाड तोच.

डिसेंबरात कामासाठी नागपूरला गेलो होतो. एक अख्खा दिवस मोकळा होता, म्हणून जरीपटक्याला जायचं ठरवलं. नागपूरकर मित्र म्हणाला, "तिथं काय पाहतोस? कपडा घेणार असशील तर चाल." प्रवासवर्णनात जरीपटका येण्याचं तसं काही कारण नाही. टेकडी गणपती, दीक्षाभूमी, फुटाळा, झालंच तर रामटेक, एवढ्यात नागपूर आटोपतं.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. सीताबर्डीच्या अंगाला पोलिसांचे कठडे, मोर्चांचे बॅनर, रस्त्यावर बसलेल्या अंगणवाडी सेविका. वर्षातून एकदा साऱ्या महाराष्ट्राचा राग नागपुरात चालत येतो आणि मोर्चाच्या पॉइंटवर अडवला जातो. सीताबर्डीहून मेट्रोची ऑरेंज लाइन धरली. २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा उत्तरेकडचा टप्पा खिडकीशी बसून बघण्यासारखा आहे. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या डोक्यावर आपण. मग कडबी चौक, आणि इंदोरा चौक. इथं उतरायचं.

स्टेशनच्या खाली ऑटोवाल्यानं विचारलं, "सिंध्याईच्या बाजारात जाचं हाय का?" बसल्यावर सल्लाही फुकट मिळाला : "कपडा घ्याचा असन तं पयल्या भावात घेऊ नोका बाप्पा." त्याच्या समोरच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' होतं. भाडं त्यानं ऐंशी सांगितलं आणि मी पन्नास दिले, हे इथं नोंदवून ठेवतो.

जरीपटका. नाव मराठ्यांच्या निशाणाचं आणि वस्ती सिंधमधून आलेल्यांची. फाळणीनंतर निर्वासितांसाठी नागपुरात ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली ही मोठी; दुसरी खामल्याला. आता छावणीची खूण शोधूनही सापडत नाही. तीन-चार मजली घरं, खाली दुकान वर बिऱ्हाड. महात्मा गांधी सेंटेनियल सिंधू हायस्कूल, दयानंद पार्क, झूलेलालचं मंदिर, गुरुग्रंथसाहिब ठेवलेली टिकाणी. सिंधी हिंदूंमध्ये नानकपंथ मुरलेला आहे. एकाच घरात झूलेलाल, गुरू नानक आणि शेजारी साईबाबा सुखानं नांदतात. उद्या कुणी यांची धर्मवार यादी करायला बसला तर तोच दमेल.

बाजारात साड्यांची, दुपट्ट्यांची, मॅचिंगची दुकानं एकाला एक खेटून. अधूनमधून पापडवाले, बेकऱ्या. एका गाडीवर दालपकवान खाल्लं. पकवान म्हणजे मैद्याची तळहाताहून मोठी कडक पुरी, काट्यानं टोचे मारून मंद तेलात तळलेली, जेणेकरून फुगायची नाही. ती उभी मोडून घट्ट शिजलेल्या चणाडाळीत बुडवायची. डाळीवर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि बारीक कांदा. डाळीचा दाणा अख्खा दिसतो पण जिभेवर विरघळतो. तर्रीवर वाढलेल्या माणसाला हे थोडं मवाळ वाटेल. गाडीवाल्यानं ते ओळखून न मागता तळलेली हिरवी मिरची ठेवली. नागपूरनं त्याला एवढं शिकवलेलं होतं.

कपड्याच्या ज्या दुकानात शिरलो तिथं गादीवर ऐंशी ओलांडलेले एक दादा बसले होते. काउंटर मुलगा आणि नातू सांभाळत होते. मी हिंदीत सुरुवात केली. तेही बराच वेळ हिंदीत बोलले, आणि मी मुलाला मराठीत काही विचारल्यावर मध्येच म्हणाले, "मले मराठी येत नाही असं वाटलं काय तुम्हाले?" अस्सल नागपुरी. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी लहानपणी कस्तुरचंद पार्कवर ऐकलेली. एव्हाना मी बसलो होतो, आणि पाण्याच्या ग्लासाबरोबर भाजलेला पापड आला होता. सिंधी घरात पाहुण्याला पाणी नुसतं देत नाहीत.

दादा शिकारपूरचे. कराचीहून बोटीनं मुंबईला आले तेव्हा चार वर्षांचे होते. आधी मुंबई-कल्याणच्या छावणीत काही महिने, मग आगगाडीनं नागपूर. त्यांना आठवतं ते बोटीवरचं उलट्या करणं आणि आईच्या हातातला कुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा. कुलूप तिकडे, किल्ल्या इकडे. सिंध सोडण्याची गोष्ट पंजाबसारखी नव्हती. फाळणी ऑगस्टची, पण सिंधी हिंदूंचे लोंढे खऱ्या अर्थानं सुटले ते ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर. तोवर बरेच जण, चार महिन्यांत सगळं निवळेल, या हिशेबानं बसून होते. पंजाबच्या निर्वासिताला निदान अर्धा पंजाब मिळाला. सिंध्याला वीतभर सिंध मिळाला नाही. जिथं सरकारची रिकामी बराक तिथं तो उतरला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं उल्हासनगर झालं, पिंपरीला कॅम्प झाला, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या राजधानीला, म्हणजे नागपूरला, जरीपटका मिळाला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत हे शहर स्वतःही फारसं शहाण्यासारखं वागत नव्हतं. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं आणि दुकानं जाळली-फोडली गेली त्यात पुण्या-मुंबईबरोबर नागपूरही होतं. बाहेरून बेघर होऊन आलेली माणसं तंबूत बसलेली आणि शहरातली माणसं आपल्याच शेजाऱ्यांना बेघर करण्यात गुंतलेली. नागपूरच्या इतिहासावरच्या गप्पांत ही दोन प्रकरणं कुणी शेजारी-शेजारी ठेवत नाही.

"वडील काय करायचे?" मी विचारलं.

"साखर विकायचे. हातगाडीवर."

मग त्यांनी बारदान्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी पिंपरीत ऐकली आहे, उल्हासनगरातही ऐकली आहे. प्रत्येक सिंधी घराचा कुणीतरी आजोबा बारदान्यावर उभा राहिलेला असतो. इतवारीतून साखरेचं पोतं उचलायचं, ज्या भावात घेतलं त्याच भावात सुटं विकून टाकायचं. साखरेत नफा शून्य. संध्याकाळी हातात उरतं ते रिकामं पोतं, म्हणजे बारदाना. तो विकून जे आणे येतील तो दिवसाचा नफा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं. भांडवल दोन दिवस पडून राहू द्यायचं नाही, एवढाच त्या धंद्याचा मंत्र.

आता इतवारीतल्या वा महालातल्या किराणा दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तीन पिढ्यांचं दुकान, मणामागे ठरलेला नफा, आणि हा कालचा आलेला माणूस खरेदीच्या भावात साखर विकतो. त्याचा हिशेब त्या दुकानदाराला लागत नाही. मग तो गिऱ्हाइकाला काय सांगणार? एक तर माल चोरीचा आहे, नाहीतर भेसळीचा, नाहीतर मापात पाप. बारदान्याचा हिशेब त्याला सुचत नाही, कारण त्याला कधी बारदान्यावर जगावं लागलेलं नाही. सिंधी म्हणजे डुप्लिकेट, सिंधी म्हणजे फसवणूक, या ख्यातीचा उगम मला तिथं दिसतो. पुढे उल्हासनगरात नकली माल खरंच बनला, नाही असं नाही. पण नकली माल दिल्लीत बनतो, सुरतेत बनतो, आणि तिथल्या कुठल्या जमातीच्या नावाचा साप होत नाही.

दादांना ते विनोद ठाऊक आहेत का, हे विचारावं की नाही या विचारात होतो. नातवानं आधीच ओळखलं. "सापवाला ना? कॉलेजमध्ये मीच सांगतो, अंकल. दुसऱ्यानं सांगण्याआधी." तो हसला. दादा हसले नाहीत. पापडाचा तुकडा मोडत बसले.

महाराष्ट्राला सिंध परका वाटतो याची गंमत अशी की १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. पाऊणशेहून अधिक वर्षं एकच गव्हर्नर, एकच शिक्षणखातं. कराचीतली सगळ्यांत जुनी सरकारी शाळा १८५५ ची. तिचं नाव आजही नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल आहे. हे वैद्य मराठी गृहस्थ, सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर. कराचीत एन.जे.व्ही. म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो म्हणतात. आणि कराचीतल्या मराठी कुटुंबांचा गणपती फाळणीनंतरही बसत राहिला. तिकडे 'ते हिंदुस्थानातले' म्हणून त्यांच्याकडे कसं पाहिलं जात असेल, याची कल्पना जरीपटक्यात बसून जास्त चांगली करता येते.

दुकानाच्या आतल्या भिंतीवर, थानांच्या फळीच्या वर, एक जुनी लाकडी पाटी टांगलेली दिसली. हिरवी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, काही ठिकाणी रंग उडालेला. मला ती उर्दू वाटली. बारकाईनं पाहिलं तर काही अक्षरांवर नुक्त्यांची गर्दी जास्त होती. सिंधी लिपी अरबी वळणाची, पण बावन्न अक्षरांची. आपल्या ड, ढ, भ सारख्या आवाजांना तिनं स्वतःची चिन्हं करून घेतली आहेत. पाटीवर फक्त दुकानाचं नाव होतं, वडिलांनी रंगवून घेतलेलं.

"आधी बाहेर होती," दादा म्हणाले. "ब्याण्णवनंतर आत घेतली."

"कोणी काही केलं?"

"नाही हो. कोणी दगड मारला नाही, कोणी बोललं नाही. गिऱ्हाईक यायचे, वर पाहायचे आणि विचारायचे, दुकान कोणाचं आहे? रोज कोणाकोणाला सांगणार?"

मग बाहेर देवनागरी आणि इंग्रजी पाटी लागली. नातवाला जुनी पाटी वाचता येत नाही. मुलालाही अडखळत. दुकानात ती वाचणारा माणूस एकच, आणि तोही गादीवरून तिच्याकडे पाठ करून बसतो.

असहिष्णुता म्हटलं की आपण मोर्चा, घोषणा, जाळपोळ डोळ्यांसमोर आणतो. ही पाटी कुणीही न उतरवता उतरली. गुन्हा नाही, फिर्याद नाही, आरोपी नाही. आणि ज्या पाटीसाठी फिर्याद झाली ती गोष्टही आपल्या विदर्भातलीच आहे. अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूत नाव होतं. एका माजी नगरसेविकेनं त्याला हरकत घेतली. प्रकरण इथल्या सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं आलं. तिथं हरकत फेटाळली गेली, आणि १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनीही उर्दू पाटी राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलेलं आहे. निकाल चांगला आहे. पण तो नगरपरिषदेच्या पाटीला वाचवतो. दादांच्या पाटीचं प्रकरण कुठल्या कोर्टात चालणार? प्रतिवादी म्हणून गिऱ्हाइकाला उभं करावं लागेल.

त्या निकालानंतर आठवड्याभरानं, २२ एप्रिलला, पहलगामचा हल्ला झाला. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, आणि कुठल्या शहरात किती पाकिस्तानी, याचे आकडे बाहेर आले. राज्यात ५,०२३, त्यांतले एकट्या नागपूर शहरात २,४५८. हा आकडा टीव्हीवर ज्या सुरात वाचला गेला तो अनेकांना आठवत असेल. जणू शत्रूची पलटण सापडली. आकड्याच्या आत कोण होतं? बहुतांश सिंधी हिंदू, जे गेल्या काही दशकांत सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आले आणि नात्यागोत्याच्या ओढीनं बऱ्याच अंशी याच भागात राहिले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रानं देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले, त्यात नागपूर होतं ते यामुळेच. पहलगामनंतर दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना सरकारनं लगेच वगळलंही. पण सवलतीची बातमी आतल्या पानावर येते.

दादांच्या पुतणसुनेचं माहेर सिंधमधल्या घोटकीचं. तिचे आईवडील बारा-पंधरा वर्षांपासून इथं आहेत, कागद अजून पुरे झालेले नाहीत. त्या आठवड्यात वडील गल्लीच्या कोपऱ्यावर दूध आणायलाही गेले नाहीत. "तिकडे त्यांना हिंदू म्हणून त्रास, इकडे पाकिस्तानी म्हणून," मुलगा म्हणाला. "आणि गंमत पाहा, त्यांना टोमणा मारणारा बाहेरचा नव्हता. आमचाच होता. सत्तेचाळीसवाला."

सत्तेचाळीसवाले आणि नंतरचे, अशी जरीपटक्यात दोन घरं आहेत तर. आधी आलेल्याला मागून येणाऱ्याचा जाच होतो. गाडीच्या डब्यात शिरेपर्यंत जागा मागणारा माणूस, बसला की दाराला पाय लावतो. आणि सत्तेचाळीसवाल्यांची स्वतःची जागा तरी पक्की कुठं आहे? ज्या जमिनीवर पंचाहत्तर वर्षं घरं आहेत तिच्या मालकीचे कागद करून घेण्यासाठी सिंधी वसाहतींना २०२५ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठं राज्य सरकारनं खास अभय योजना आणली. २००५ मध्ये तर एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती : सिंध आता भारतात नाही, सबब राष्ट्रगीतातून तो शब्द काढून काश्मीर घालावा. न्यायालयानं ती फेटाळली. दादांना ती तारखेसकट आठवते. गावाचा सातबारा गेला, घर गेलं, निदान गाण्यात तरी राहू द्या, असं काहीसं ते सिंधीत पुटपुटले; नातवानं मला हिंदी करून सांगितलं.

उठता उठता, वरचा मजला रिकामा दिसतो, असं मी सहज म्हणालो. हो, भाड्यानं द्यायचा आहे. कुणाला देता? "कोणालाही. फॅमिली पाहिजे." शेजारच्या इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली एखादी प्राध्यापक बाई आली तर? मुलानं वडिलांकडे पाहिलं. पुण्या-मुंबईत या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं : आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही. जात, धर्म, सगळं त्या एका वाक्यात गुंडाळता येतं. जरीपटक्यात ती सोय नाही. सिंधी माणूस मासळी-मटणाचा शौकीन, आणि त्या क्षणी घरातून खिम्याचा वास येत होता. त्यामुळे मुलाला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "आम्हाला काही नाही, पण गल्लीवाले..." दादा म्हणाले, "आडनाव विचारतात, भाऊ. मी नाही विचारत. दलाल विचारतो."

इंदोऱ्याला परत चालत आलो. अंतर फार नाही. दुकानांच्या पाट्या पाहता पाहता झूलेलाल कमी होत जातात आणि पंचशील ध्वज वाढत जातात. मध्ये कुठं रेघ मारलेली नाही. इंदोऱ्याचं बुद्धविहार प्रसिद्ध आहे. तिथले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जन्मानं जपानी. बुद्धगयेच्या महाबोधी विहारासाठीच्या आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी इथून केलं. जपानहून आलेला भिक्खू या वस्तीनं आपला मानला आणि कुणी त्यांना तुम्ही मूळचे कुठले, असं विचारत बसलं नाही.

दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहीद स्मारक आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना निर्घृणपणे मारलं. या अत्याचारांचा निषेध म्हणून ४ ऑगस्टला नागपुरात मोर्चा निघाला तर गोळीबार झाला. पाचशे किलोमीटरवरच्या एका विद्यापीठाच्या पाटीवर कुणाचं नाव असावं, यासाठी इंदोऱ्यातली पोरं मेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. पुन्हा पाटीच. दादांनी आपली आत घेतली, इथल्यांनी आपली बाहेर लावण्यासाठी सोळा वर्षं घालवली. पाटी कुणाची मोठी, असं मला म्हणायचं नाही. एकाकडे संख्या होती, संघटना होती आणि बाबासाहेब होते. दुसऱ्याकडे उद्याच्या मालाची उधारी होती.

स्मारकाजवळच्या टपरीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला वडिलांच्या खांद्यावर बसून ते हजर होते. मुलगी कॉलेजात शिकवते. तिला कॉलेजजवळ खोली हवी होती, तर तीन ठिकाणी टाळलं. "फोनवर सगळं जमते. आडनाव सांगतलं का आवाज बदलते," ते म्हणाले. विदर्भात मेश्राम, रामटेके, गजभिये ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात वस्ती, देव आणि मतपेटी एका क्षणात तयार होते. सिंध्यांचं '-नी' तसंच. बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळत नाही, आणि म्हणून त्याला नागपूर फार मोकळं शहर वाटतं. एका अर्थी ते आहेही. मीरा रोडला २०२५ च्या जून-जुलैत मिठाईवाल्याला मराठीवरून मारलं तेव्हा इथं कुणाला त्यात चव वाटली नाही. १९५६ पर्यंत हे हिंदी-मराठी प्रांताचं मुख्य ठिकाण; इथला मराठी माणूस भाजीवाल्या मराठी बाईशीही हिंदीत भाव करतो. भाषेवरून नागपूर भांडत नाही. त्याला आडनाव पुरतं.

१७ मार्च २०२५ ला महालात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल पेटली तेव्हा अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली : कोतवालीपासून पाचपावली, यशोधरानगर, कपिलनगरपर्यंत. कपिलनगर इथून हाकेच्या अंतरावर. जरीपटका ठाणं यादीत नव्हतं. "इथं काही होत नाही," टपरीवाला अभिमानानं म्हणाला. ते खरंच आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षं या रस्त्यावर सिंधी आणि बौद्ध एकमेकांना लागून राहतात आणि दंगल म्हणावी असं काही घडल्याचं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आठवत नाही. एकमेकांच्या घरी जेवल्याचंही आठवत नाही. पोलिसांच्या नोंदीत याला शांतता म्हणतात.

रेल्वेवाले काका सिंध्यांबद्दल काय म्हणतात ते मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. "सिंधी मनुष्य सख्ख्या बापाले बी तोलून देते साहेब." टपरीवरचे चार जण हसले. मी म्हणालो, तुमच्या मुलीला खोली न देणाऱ्यांत सिंधी होता का? "एक होता. दोघं आपले मराठीच," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि विनोदाचं त्या हिशेबाशी काही देणंघेणं आहे असं त्यांना वाटलं नाही. विनोदाला पुरावा लागत नाही, म्हणून तर तो तीन पिढ्या टिकतो.

चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. चालता चालता त्यांचं घर लागलं. दुमजली, खाली मोबाइलच्या दुरुस्तीचं दुकान, शटरवर झूलेलालचं स्टिकर.

"हे?"

"भाडेकरू हाय आपला. जरीपटक्याचा पोरगा. सहा वर्सं झाली."

"सिंधी? आणि तुम्ही तर आत्ता..."

"पोरगा चांगला हाय ना. एक तारखेले भाडं जमा करते. माह्या मोबाइलचे पैसे घेत नाही." मग जरा थांबून, मला कळावं म्हणून समजावणीच्या सुरात : "पण करार अकरा महिन्याचाच करतो मी. आन डिपॉझिट, दुसऱ्याकून घेतलं असतं त्याच्या डबल."